दवाखाना, झेडपी आणि मधली दोनशे पावलं : एका ग्रामीण डॉक्टरांचं प्रकरण

या लेखात डॉक्टरांचं नाव, गाव आणि पक्ष दिलेला नाही. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. मांडणी ते स्वतः, त्यांच्या पत्नी आणि तिथल्या आरोग्य केंद्रातली माणसं यांच्या बोलण्यावरून केली आहे. काही ठिकाणी त्यांचं आपसात जमत नाही, ते तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

मराठवाड्यातलं बाजाराचं गाव. तालुका एसटीने तासाभरावर, जिल्हा त्याच्या दुप्पट लांब. गावात जिल्हा परिषदेचं (झेडपीचं) प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याच्या फाटकापासून दोनशे पावलांवर डॉक्टरांचं घर. खाली ओपीडी आणि आठ खाटा, वर राहायचं. डॉक्टर एमबीबीएस, पत्नी डीजीओ, म्हणजे स्त्रीरोग आणि प्रसूतीचा डिप्लोमा केलेल्या. गावाच्या तोंडी ते 'डॉक्टर' आणि त्या 'मॅडम'. 1990 च्या सुमारास दोघांनी इथे पाटी लावली.

डॉक्टरांचं नाव झालं ते नाही म्हणण्यामुळे. बाजारच्या दिवशी अंगदुखीचा माणूस येऊन बसायचा, 'एक सलाईन लावाच' म्हणायचा आणि डॉक्टर त्याला गोळ्यांची पुडी देऊन वाटेला लावायचे. सुरुवातीला लोक चिडून शेजारच्या गावातल्या सुईवाल्याकडे जात. दहा-बारा वर्षांनी तेच लोक सांगू लागले, की डॉक्टरांनी सुई दिली म्हणजे दुखणं खरं आहे.

दुसरी ओळख सर्पदंशाची. या भागात घोणस आणि मण्यार दोन्ही. आरोग्य केंद्रात लस संपलेली असली, तरी डॉक्टरांच्या फ्रिजमध्ये असायची. ते काम करताना त्यांना पाहिलेला माणूस विसरत नाही. काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग नळी हळूच तिरपी करायची. रक्त गोठलं नसेल, तर विष रक्तात भिनलंय, लस सुरू. त्या वीस मिनिटांत नातेवाइकांचा आरडाओरडा चालू असतो, कोणी मांत्रिकाला आणू म्हणतं, कोणी गाडी काढतं. डॉक्टर घड्याळाकडे बघत शांत बसलेले. खेड्यात राहून मोठं काम करता येतं, हे सांगताना ते विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरणाऱ्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव घ्यायचे. राजकारण त्यांच्या बोलण्यात नसायचं.

आता आरोग्य केंद्राचं. वैद्यकीय अधिकाऱ्याची दोन पदं मंजूर, त्यातलं एक बहुतेक काळ रिकामं. दुसऱ्या पदावरचा डॉक्टर जिल्ह्याहून जाऊन-येऊन करणारा. संध्याकाळनंतर केंद्र सिस्टरच्या भरवशावर. बाळंतपण अडलं, की सिस्टर म्हणायची, 'मॅडमकडे घेऊन जा.' दोनशे पावलं. ही व्यवस्था कुठेही लिहिलेली नव्हती, पण तिच्यावर बायका वाचत होत्या. आणि तिच्यावरच मॅडमचं प्रसूतिगृह चालत होतं, हेही तितकंच खरं.

शिवाय तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हता. भूलतज्ज्ञ मिळाला, की सिझेरियनसाठी फोन मॅडमना यायचा. ग्रामीण आरोग्य अभियानातून ऑन-कॉल, म्हणजे बोलावल्यावर येणाऱ्या, तज्ज्ञांना केसमागे मानधन देण्याची सोय होती, त्यात त्यांचं नाव होतं. पैसा फार नव्हता. पण त्या तालुक्यात सरकारी दवाखान्यात सिझेरियन होत होतं, ते या एका फोनमुळे.

तिकीट

2011 च्या शेवटी पक्षाचे तालुक्यातले पुढारी घरी आले. झेडपीची निवडणूक आली होती. गावाचा गट, म्हणजे झेडपीचा मतदारसंघ, खुल्या प्रवर्गाला सुटला होता, पक्षात दोन इच्छुक एकमेकांचे पाय ओढत होते. दोघांनाही चालेल असं तिसरं नाव हवं होतं. पुढाऱ्यांनी जुनीच उदाहरणं दिली. कवर्ध्याचे आयुर्वेदाचे डॉक्टर रमण सिंह 1983 मध्ये नगरपालिकेत निवडून आले आणि 2011 मध्ये छत्तीसगडचे मुख्यमंत्री होते. आंध्र प्रदेशातल्या पुलिवेंदुलात एक रुपयात रुग्ण तपासणारे वाय. एस. राजशेखर रेड्डी 1978 मध्ये आमदार झाले, पुढे मुख्यमंत्री होऊन त्यांनी 2007 मध्ये गरिबांवर मोफत उपचारांची 'आरोग्यश्री' योजना आणली. अशा गोष्टी सांगताना दवाखान्याचं पुढे काय झालं, हे कोणी सांगत नाही.

डॉक्टरांना पटलं ते वेगळ्याच कारणाने. 'लस संपली की फोन मला. अॅम्ब्युलन्सला डिझेल नाही, फोन मला. फोन घ्यायचाच आहे, तर खुर्चीवर बसून घेऊ.' मॅडमनी विचारलं, 'दवाखाना कोण बघणार?' ते म्हणाले, 'सकाळी मी आहेच की.' मॅडम आजही हे वाक्य त्यांच्याच सुरात म्हणून दाखवतात.

पहिला निर्णय : ऑन-कॉल सोडणं

अर्ज भरायच्या आधी डॉक्टर वकिलाकडे गेले. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम 1961 मध्ये सदस्याच्या अपात्रतेची कारणं दिली आहेत. जिल्हा परिषदेच्या कामात किंवा करारात उमेदवाराचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणं हे त्यातलं एक. ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाचं, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखालचं. झेडपीचा त्याच्याशी थेट संबंध नाही. पण ऑन-कॉलचं मानधन ज्या अभियानाच्या जिल्हा सोसायटीतून यायचं, तिच्या कारभारात झेडपीचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. वकिलाचं म्हणणं असं, की हरकत टिकेल असं नाही, पण छाननीच्या दिवशी कोणी उभं राहिलं, तर अर्धा प्रचार कोर्टात जाईल.

पर्याय तीन होते. सक्षम अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा मागायचा. मॅडमनी मानधन न घेता सेवा चालू ठेवायची आणि तसं पत्र द्यायचं. किंवा नाव काढून घ्यायचं. पहिल्याला वेळ नव्हता. दुसऱ्यावर वकील म्हणाला, 'फुकट केलं तर मतांसाठी केलं म्हणतील.' नाव काढून घेतलं. पत्र दोन ओळींचं होतं, 'वैयक्तिक कारणास्तव'.

त्या पत्रानंतर ग्रामीण रुग्णालयातलं सिझेरियन थांबलं. अडलेली केस सरळ जिल्ह्याला जाऊ लागली. याची बातमी झाली नाही, कारण तिथे तज्ज्ञ नसणं ही बातमी नव्हतीच.

प्रचार

प्रचारात डॉक्टरांनी दोन गोष्टी नीट केल्या. आचारसंहिता लागताच आरोग्य शिबिरं बंद केली आणि गोळ्यांच्या पुड्यांवर निशाणी छापायची कार्यकर्त्यांची कल्पना जागीच मोडून काढली. तिसरी गोष्ट मात्र त्यांना आजही बोचते. शेजारच्या गावातल्या सुईवाल्याविरुद्ध त्यांनी पूर्वी लेखी तक्रार केलेली होती. नोंदणी नसताना वैद्यकी करणं हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम 1961 खाली गुन्हा आहे आणि तो माणूस तर साधा कंपाउंडर. आता त्याचा मेहुणा त्या गावातला बूथ सांभाळत होता. पुढारी म्हणाले, 'निवडणूक होऊ द्या, मग बघू.' डॉक्टर गप्प बसले. निवडून आल्यावर तक्रार पुन्हा काढली असती, तर 'मतं घेतली आणि उलटले' झालं असतं. फाईल तिथेच राहिली.

फेब्रुवारी 2012 मध्ये ते चांगल्या मतांनी निवडून आले.

प्रश्न नेमका कुठे होता

पहिली अडीच वर्षं ते साधे सदस्य होते. सर्वसाधारण सभेत आरोग्यावर बोलायचे, अधिकारी माना डोलवायचे, इतिवृत्तात 'सदस्यांनी चर्चा केली' एवढं यायचं. 2014 च्या शेवटी दुसऱ्या अडीच वर्षांसाठी पदं बदलली आणि शिक्षण व आरोग्य सभापतिपद त्यांच्याकडे आलं. गाडी आली, घरापुढे माणसांची रांग आली. रांगेतले निम्मे बदलीसाठी, उरलेल्यांपैकी बरेच कुणाच्या तरी मंजुरीसाठी.

वीस वर्षं आरोग्य केंद्राच्या शेजारी राहून जे कळलं नव्हतं, ते इथे कळलं. आरोग्य सेविका, शिपाई ही झेडपीची माणसं. त्यांच्याबाबत सभापतीच्या शब्दाला वजन. पण वैद्यकीय अधिकारी राज्य शासनाच्या सेवेतला. त्याची बदली सभापती करू शकत नाही, फार तर अहवाल पाठवू शकतो. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, न राहणाऱ्याचा घरभाडे भत्ता अडवता येतो, पण त्यासाठी तो राहत नाही हे सिद्ध व्हावं लागतं. राहत असल्याचे ग्रामपंचायतीचे दाखले सगळ्यांचे फायलीत व्यवस्थित लावलेले होते. राहत कोणीच नव्हतं.

याहून मोठी अडचण त्यांच्या घरातली होती. आरोग्य केंद्र रात्री चालू झालं, तर साधी बाळंतपणं तिथे होणार. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, गाडी सगळं मोफत. म्हणजे मॅडमचे रुग्ण कमी होणार. आरोग्य केंद्र तसंच पडून राहिलं, तर सभापतींच्या घरात पैसा येत राहणार. त्यांनी वैद्यकीय अधिकाऱ्याला झापलं, तर तो म्हणणार, हे आपल्या गावात शायनिंग मारतात. नाही झापलं, तर विरोधक म्हणणार, दवाखाना चालावा म्हणून गप्प आहेत. त्यांचा कोणताही निर्णय आता निव्वळ आरोग्याचा म्हणून कोणी वाचणार नव्हतं.

हे त्यांना समजत नव्हतं असं नाही. पण त्यांना वाटायचं, 'माझी नियत लोकांना माहीत आहे.' ओपीडीत वीस वर्षांत कमावलेला विश्वास झेडपीतही चालेल, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. ओपीडीत समोर एकच माणूस असतो आणि आपलं ऐकून तो बरा झाला की नाही, हे त्याला आठ दिवसांत कळतं. झेडपीत तसा निकाल लागत नाही.

समोर काय काय होतं

दवाखाना पूर्ण बंद करणं, हा एक मार्ग. मॅडमनी तो ऐकूनही घेतला नाही, आणि मला त्यांचं पटतं. प्रसूतिगृह त्यांचं, पदवी त्यांची. नवऱ्याच्या पदासाठी त्यांनी पाटी का उतरवावी?

दुसरा, गावच्या आरोग्य केंद्राचा विषय झेडपीच्या आरोग्य समितीत आला की आपला हितसंबंध इतिवृत्तात नोंदवायचा आणि तेवढ्यापुरतं खुर्ची दुसऱ्याला द्यायची. जिल्हा आरोग्य अधिकारी समितीचे सचिव असतात; त्यांना सांगितलं असतं, तर एका ओळीचं काम होतं. डॉक्टरांना ते 'उगाच चोराच्या मनात चांदणं' वाटलं.

तिसरा, काम इतकं ठळक करायचं की संशयाला जागाच उरू नये. त्यांनी हा निवडला.

ओपीडी सकाळी दहापर्यंत स्वतः, पुढे एक तरुण बीएएमएस डॉक्टर, प्रसूतिगृह मॅडमकडे. कागदावर घडी नीट बसली. प्रत्यक्षात सकाळची ओपीडी संपायच्या आत बाहेर गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा आणि रुग्ण आजार सांगता सांगता पोराच्या नोकरीचा अर्ज पुढे करायचा. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे या काळात डॉक्टर पहिल्यांदा मागेल त्याला सलाईन लावू लागले. डॉक्टर हे मान्य करत नाहीत. बीएएमएस डॉक्टर लावत होता, असं ते म्हणतात.

निवासस्थानांचं काम

सभापती म्हणून त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम भाषणात सांगण्यासारखं नाही. वैद्यकीय अधिकारी मुख्यालयी का राहत नाही, हे विचारायला ते स्वतः त्याच्या निवासस्थानी गेले. स्लॅब गळका, पाण्याची टाकी फुटलेली, संडासाचं दार बिजागरीवरून निखळलेलं, मागे कमरेइतकी झुडपं. अधिकारी म्हणाला, 'सर, इथे राहिलो तर तुमची पुढची सर्पदंशाची केस मीच.'

डॉक्टरांनी नोटीस काढायचा आग्रह सोडला आणि निवासस्थानांची दुरुस्ती धरली. पैसा झेडपीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे सेसमधून. तिथे खरी मारामारी. सेसवर प्रत्येक सदस्याचा डोळा असतो आणि सदस्याला हवा असतो सभामंडप किंवा रस्ता, ज्याच्यावर नावाची पाटी लागते. डॉक्टरांच्या पायऱ्या घरीच झिजवल्या जात होत्या, आता त्यांनी इतरांच्या झिजवल्या. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, प्रत्येक टेबलावर फाईल बसायची. आपल्याच गावचं एक काम पुढे रेटलं तर बोलणं येईल, म्हणून त्यांनी तालुक्यातल्या इतर केंद्रांची निवासस्थानंही त्याच प्रस्तावात घातली. मार्च 2016 संपायच्या आत बिलं निघाली.

त्यानंतर गावच्या केंद्रात बंधपत्रित डॉक्टर आला. एमबीबीएसनंतरची एक वर्षाची सक्तीची सेवा करणारा तरुण, लग्न झालेलं नाही, राहायला नीट खोली मिळाली म्हणून राहिला. रात्रीची बाळंतपणं केंद्रात होऊ लागली. मॅडमकडची साधी बाळंतपणं उतरली, त्यांनी एक नर्स कमी केली. मॅडम हसून म्हणतात, की लग्नानंतर पहिल्यांदा सलग झोप मिळाली. हिशेबाची वही मात्र हसत नव्हती.

बातमी आणि तोंडी आदेश

निवासस्थानांचं काम कागदावर चालू होतं, तेव्हाच, 2015 च्या उन्हाळ्यात, हे घडलं. एका रात्री पलीकडच्या वस्तीवरची बाई कळा घेऊन केंद्रात आली. अधिकारी नव्हता. बाळाचे ठोके कमी होऊ लागले, तशी सिस्टरने नेहमीप्रमाणे मॅडमकडे पाठवलं. सिझेरियन झालं, दोघं सुखरूप. बिल लागलं. बाईच्या दिराने ते बिल विरोधी गटाच्या एका कार्यकर्त्याला दाखवलं आणि स्थानिक पेपरात मथळा आला : सभापतींच्या दवाखान्याला सरकारी गिऱ्हाईक.

सिस्टरने त्या रात्री योग्य केलं होतं. वर्षानुवर्षं तेच करत होती. फक्त फलकावरचं नाव आता सभापतीचं होतं.

डॉक्टरांनी दोन दिवसांत तीन गोष्टी केल्या. बिल परत केलं. यावर मॅडम भडकल्या. 'हॉस्पिटल माझं, फुकट करायचं तुम्ही कोण ठरवणार?' पत्रकारांना बोलावून खुलासा केला, त्यामुळे ज्यांनी मूळ बातमी वाचली नव्हती त्यांनाही ती कळली. आणि आरोग्य केंद्रात जाऊन सिस्टरना सांगितलं, 'यापुढे इथून एकही पेशंट माझ्याकडे यायला नको. सरळ सरकारी गाडीने तालुक्याला.'

या तिसऱ्या गोष्टीवर थांबायला हवं. आदेश तोंडी होता. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवलेला नव्हता. तालुक्याला पाठवून तिथे कोण सिझेरियन करणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ज्या एका फोनमुळे तिथे सिझेरियन व्हायचं, तो फोन याच घरातून 2012 मध्ये बंद झाला होता. आणि सांगणारा सभापती होता, त्यामुळे सिस्टरच्या कानात त्याचा अर्थ 'नोकरी टिकवायची असेल तर' असाच गेला.

त्या पावसाळ्यात एका बाईला केंद्रातून तालुक्याला पाठवलं, तालुक्याने जिल्ह्याला. दुसऱ्या टप्प्यात गाडीतच बाळंत झाली. रक्तस्राव थांबेना. जिल्हा रुग्णालयात पोचल्यावर रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. बाई वाचली, बाळही. पण घरची माणसं परत आल्यावर सगळ्यात आधी गेली ती मॅडमच्या दारात, भांडायला नव्हे, विचारायला. सासू म्हणाली, 'तुम्ही इथंच होतात की, माय. दिवा दिसत होता. मग आम्हाला का नाही येऊ दिलं?'

मॅडमना हा आदेश तोपर्यंत माहीतच नव्हता.

त्यानंतर

त्या रात्री घरात काय बोलणं झालं, ते दोघंही सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेल्या. तिथून जे सुरू झालं, त्यातून एक साधी संदर्भचिठ्ठी तयार झाली. जवळच्या सगळ्या सोयींची नावं, सरकारी आणि खासगी, प्रत्येकीचं अंतर, तिथे त्या वेळी सिझेरियन होतं का, खर्च मोफत की सशुल्क. नातेवाइकाने काय निवडलं त्यावर खूण आणि सही किंवा अंगठा. एक प्रत केंद्रात, एक महिन्याच्या शेवटी तालुक्याला. चिठ्ठीत मॅडमचं प्रसूतिगृह अंतराच्या क्रमाने पहिलं येत होतं. त्यावर समितीत एका विरोधी सदस्याने आक्षेप घेतला. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी उत्तर दिलं, की अंतर मोजून घ्या. विषय संपला.

2016 च्या सुरुवातीपासून ही चिठ्ठी त्या तालुक्यातल्या केंद्रांत वापरात आली. त्यानंतर सभापतींच्या दवाखान्याबद्दल बोलणी पूर्ण थांबली नाहीत, पण बोलणाऱ्याला कागद दाखवता येऊ लागला.

पुढच्या निवडणुकीच्या सोडतीत गट महिलांसाठी राखीव निघाला. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत, त्यामुळे हे होणारच होतं. पुढारी पुन्हा घरी आले, या वेळी मॅडमसाठी. 'मॅडम, तुम्ही फक्त सह्या करा, बाकी डॉक्टर बघतील.' मॅडम म्हणाल्या, 'सह्या करायच्या असत्या तर केस पेपरवर करते तेवढ्या पुरे आहेत.' डॉक्टरांचा जीव मात्र अडकला होता. शेजारच्या गटातून उभं राहायचा विचार त्यांनी बरेच दिवस बाळगला, तिथल्या लग्नांना, दहाव्यांना जाऊ लागले. शेवटी तिथे तिकीट दुसऱ्याला गेलं. मार्च 2017 मध्ये मुदत संपली. बंधपत्रित डॉक्टर वर्ष भरून निघून गेला होता, पुढचा यायला बरेच महिने लागले. निवासस्थान मात्र तयार होतं, त्यामुळे आलेला राहिला.

मागे वळून निर्णयांकडे

डॉक्टरांच्या हितचिंतकांचं मत असं, की चूक राजकारणात जाण्याचीच होती. मला तसं वाटत नाही. निवासस्थानांचं काम बाहेरून कोणी करू शकलं नसतं. अधिकारी मुख्यालयी का राहत नाहीत याचं उत्तर झुडपात जाऊन बघणारा, आणि ते सेसच्या भांडणात टिकवणारा माणूस आत असावा लागतो.

माझ्या मते अडलं ते एकाच सवयीपाशी, दोनदा. हितसंबंध दिसू नये म्हणून दोन्ही वेळा सेवाच काढून घेतली. 2012 मध्ये मॅडमचं ऑन-कॉल, 2015 मध्ये दोनशे पावलांची वाट. दोन्ही निर्णय वरून स्वच्छ. एकेकटा घेतला असता, तर प्रत्येकाची किंमत कदाचित झाकली गेली असती; एकत्र आल्यावर तालुक्याच्या नकाशात भोक पडलं, आणि ते भरायला एका बाईला रात्री जिल्ह्यापर्यंत जावं लागलं. हितसंबंध कागदावर आणून सेवा चालू ठेवणं दोन्ही वेळा शक्य होतं. 2012 मध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करून तिची पोच छाननीत ठेवता आली असती. त्याने हरकत टळलीच असती असं नाही, पण लढायला कागद असता. चिठ्ठी तर बातमी येण्याआधीच करायला हवी होती. सभापती झाल्याच्या पहिल्याच बैठकीत ती सुचवली असती, तर सिस्टरला त्या उन्हाळ्यात काही लपवण्यासारखं वाटलं नसतं.

तोंडी आदेशाबद्दल आणखी एक. दवाखान्यात डॉक्टर नर्सला तोंडी सांगतो आणि ते चालतं, कारण परिणाम त्याच्या डोळ्यासमोर असतो. चुकलं तर तोच धावतो. सभापतीने सांगितलेलं वाक्य त्याच्या पाठीमागे, तो मुंबईत किंवा जिल्ह्याला असताना अंमलात येतं. डॉक्टरांनी दवाखान्यातली सवय उचलून झेडपीत नेली. राजकारणात येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हे सांगायला हवं, आणि बहुतेक वेळा त्यांच्या पक्षातलं कोणी ते सांगत नाही, कारण पुढाऱ्यांचा सगळा कारभारच तोंडी चालतो.

डॉक्टरांशी माझं यावर पूर्ण एकमत झालेलं नाही. ऑन-कॉलबाबत ते आजही ठाम आहेत. 'तुम्ही छाननीच्या दिवशी माझ्या जागी उभे नव्हता,' असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं, की नाव ठेवलं असतं तर निवडणूक हातची गेली असती, मग निवासस्थानंही झाली नसती. मॅडमना हा हिशेब मान्य नाही. पाच वर्षं ग्रामीण रुग्णालयात जी सिझेरियन झाली नाहीत, ती त्या मोजायला सांगतात. डॉक्टर म्हणतात, ती जिल्ह्यात झाली असतील. नवऱ्याची मुदत संपली, तशी मॅडमनी ऑन-कॉलला पुन्हा नाव दिलं. या वेळी पत्रात कारण लिहिलं : पतीचं सदस्यत्व संपल्यामुळे. शेजारच्या गावातल्या सुईवाल्याविरुद्धची तक्रारही डॉक्टरांनी नव्याने दिली आहे.